पेन्शनीचा माणूस

आमचे मास्तर रिटायर झाल्यापासून माळवदाच्या कडेला पाय सोडून बसतात आणि आभाळ बघतात. आभाळात ढग नाही, पाखरू नाही. विचारलं तर म्हणतात, "लातूर जिल्हा झालाय. आता सगळं हळूहळू जवळ येतंय." जसा काही पाऊसही उस्मानाबादेहून बदली होऊन येणार आहे.

सारी उमर शाळेत घालवून त्यांना पेन्शन समजली नाही. मी दुसरी शिकलेली, मला एका ऐकण्यात समजली. तहसिलीतून रिटायर झालेले हणमंतराव दारात उभे राहून सांगत होते, "वहिनी, मास्तरांच्या जिवात जीव हाय तवर पेन्शन चालू." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. यंदा रानात काडी उगवली नाही, म्हशी विकल्या, चूल पेटते ती पेन्शनीवर. आणि ती पेन्शन वर माळवदावर पाय हलवत बसलेली!

धरून खाली आणलं. "आजपासून बाजेवरून उठायचं न्हाई."

"अगं, मला झालंय काय?"

"व्हायच्या आधीच सांगतेय."

ऊन नको, वारा नको. गळ्यापर्यंत गोधडी घातली. बाळंतिणीला जपत नाही इतकं जपलं. मास्तर खुशीत. त्यांना आता छताच्या लाकडांत ढग दिसायला लागले.

शेजारच्या सरजाबाईनं डोकावून बघितलं. भर दुपारी गोधडी, माणूस वर टक लावून. झालं. मास्तर काही राहत नाहीत, असं तिनं गावभर केलं.

लोक भेटायला यायला लागले. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जात नाहीत आणि असल्या दुष्काळात फळ कुठलं? जो तो तांब्याभर पाणी घेऊन. दिवस कलताना आमचा रांजण काठोकाठ. मी सांगतेय, "अवो, त्यांना काय बी झालं न्हाई." बाया माझ्या पाठीवरून हात फिरवतात, "असाच धीर धर, बाई."

मास्तर हळूच म्हणाले, "आणखी आठ दिवस पडून राहू का?"

तेवढ्यात हणमंतराव आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, पोटाची चिंता करू नका. त्या दिवशी अर्धंच ऐकून पळालात. मास्तरांच्या माघारी पेन्शन तुम्हाला हाय. कमी बसते, पण तुम्ही हाय तवर मिळंल."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मग वर छताकडं. झोपेत बोलल्यागत म्हणाले, "तुझी सोय झाली म्हण की. एस्टीनं लातूरला जाशील. खिडकीपाशी बसशील. कचेरीत सायब नवऱ्याचं नाव विचारील. जन्मात घेतलं न्हाईस, तवा घ्यावं लागंल."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. पण मी काय रडणारी आहे? गोधडी ओढली आणि म्हणाले, "उठा. ज्याचं पाणी त्याच्या घरी देऊन या, आपल्या पायानं, म्हंजी गावाला दिसाल. आन् ऐकून ठेवा, कमी पेन्शनीत माझं भागायचं न्हाई. जगायचं तुम्ही, गुमान."