कठड्याचा ट्रक आणि सोनाजी तात्या

आमच्या सोनाजी तात्यांनी दोनदा टकटक केल्याशिवाय या जगात काही हलत नाही, असा त्यांचा पक्का समज आहे. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. नोकरी संपली, घंटीची दोरी सुटली, पण हात काही थांबला नाही. म्हैस बाहेर काढायची तर खुंट्यावर दोन टोले, जेवण झालं की ताटावर दोन टोले. माझ्या पुतण्याच्या लग्नात वरात चावडीपाशी अडली होती. नवरदेव घोड्यावर, बँडवाले घामाघूम, आणि कोणी कोणाचं ऐकेना. तात्या पुढे झाले, ढोलावर दोन टोले दिले आणि वरात खरंच निघाली. तेव्हापासून गावालाही थोडंथोडं तसंच वाटायला लागलंय.

मी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत बाई. तात्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. सकाळी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच पलीकडून आवाज येतो, "पुढं सरका, पुढं सरका, मागं लोक हायत." मागं कोणी नसतं हो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत आहे. घरात तात्या आणि म्हैस, आणि गोठ्यातून घरात यायला दार एकच. तेवढ्यावरून रोज गर्दी झाल्यासारखा गलका.

आखाडा बाळापूरहून डोंगरकड्याकडे जाणारा मोठा रस्ता आमच्या गावाच्या पोटातूनच जातो. तो रुंद झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पेढे संपल्यावर लक्षात आलं की अर्धं गाव पलीकडे राहिलंय. शाळा अलीकडे, पलीकडच्या वस्तीतली लेकरं रस्ता ओलांडून येणार. दवाखाना पलीकडे, म्हातारी माणसं अलीकडे. आणि पलीकडेच, विहाराच्या मागं, तात्यांची थोरली बहीण गयाआक्का.

आई लवकर गेल्यावर आक्कानंच तात्यांना वाढवलं. पुढे नवरा वारला तशी ती माहेरच्या गावी येऊन राहिली. कानानं ठार बहिरी. पूर्वी रोज दुपारी ती रस्ता ओलांडून भावाकडे यायची आणि दोघं ओट्यावर बसून अर्ध्या बोलण्याच्या, अर्ध्या खुणांच्या गप्पा मारायची. रस्ता रुंद झाल्यावर एकदा ओलांडताना ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, तिला कुठला ऐकू येतोय. ब्रेक लागला, ट्रक दोन हातांवर थांबला, आक्का घाबरून पडली आणि मनगट मोडलं. त्या दिवसापासून तिनं डांबरावर पाय ठेवला नाही. हात धरून न्यायला गेलं तर चिडायची. "मी काय लेकरू हाय? एकली आले तर येईन, न्हाई तर न्हाई." मग तात्याच रोज तिच्याकडे जायचे. जाऊन आले की गप्प असायचे, आणि तात्या गप्प असले की मला भिंतीपलीकडे कोणी नसल्यासारखं वाटायचं.

गावानं अर्ज-विनंत्या केल्या आणि शेवटी काम मंजूर झालं. पांढरे पट्टे, गाड्यांचा वेग कमी करणाऱ्या पट्ट्या, मधोमध थांबायला कट्टा आणि दोन्ही बाजूंनी धरायला लोखंडी कठडे. काम सुरू होतंय तोच कोरोना आला आणि सगळं बंद पडलं. रस्ता इतका सुना झाला की भर दुपारी त्यावर कुत्री झोपायची. थोड्या दिवसांनी मोजक्या कामगारांना परवानगी मिळाली, गावाबाहेर तंबूत राहायच्या अटीवर. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर होते, शांत आणि कामाला वाघ. तात्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी जय भीम घातला आणि न विचारता त्यांच्या हाताखाली रुजू झाले.

"बाई, हीच वेळ हाय," ते मला म्हणायचे. "आत्ता गाड्या न्हाईत म्हणून होऊन राहिलं. एकदा गाड्या लागल्या की कोण कोणाला थांबू देतंय?"

वेग कमी करणाऱ्या पट्ट्या झाल्या तशी तात्यांनी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. आपली जुनी मोपेड काढली, मला मागं बसवलं आणि हातात काठोकाठ ताकाचा तांब्या दिला. "सांडलं तर पास," म्हणाले. मी म्हटलं, तात्या, डबलसीटला बंदी आहे. ते म्हणाले, "ताक एकलं कसं बसंल?" तोंडाला रुमाल बांधून आम्ही निघालो. पट्ट्यांवर गाडी अशी थडथडली की अर्धं ताक माझ्या साडीवर आणि उरलेलं तात्यांच्या पाठीवर. तात्यांनी गाडी थांबवून इंजिनिअरसाहेबांना सांगितलं, "पास."

साहेब हसू आवरत म्हणाले, "तात्या, मी यंत्रानं तपासून घेतलंय."

"घेतलं असंल. ताकानं कुठं तपासलं व्हतं?"

साहेबांनी मान्य केलं की ताकानं नव्हतं तपासलं. मी साडी बदलायला घरी गेले.

खरी पंचाईत पुढेच झाली. गावच्या सगळ्या वाटा आम्ही बाभळीच्या काट्या टाकून बंद केल्या होत्या, आणि बाहेरून येईल त्याला चौदा दिवस शाळेत ठेवायचं असा गावच्या कोरोना कमिटीचा नियम होता. शाळेची किल्ली माझ्याकडे. अशात नागपूरहून कठड्यांचा ट्रक आला. पहाऱ्यावरच्या लोकांनी ड्रायव्हर रफिकभाईंना शाळेत धाडलं, इथपर्यंत ठीक. पण कमिटीत कोणीतरी विचारलं, माणूस चौदा दिवस, तर माल काहून न्हाई? माल पण नागपूरचाच हाय ना? आम्ही तेव्हा भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून खात होतो, त्यामुळे हे सगळ्यांना बराबर वाटलं. ट्रक कठड्यांसकट शाळेच्या आवारात कोंडला. हार घालायचाच काय तो बाकी राहिला.

इंजिनिअरसाहेब फाटकाबाहेर उभे राहून हात जोडत होते. त्यांना आठवड्यात पुढच्या गावाचं काम धरायचा हुकूम आला होता. तोवर कठडे बसले नाहीत, तर पुन्हा माणसं इथं कधी येतील याचा भरवसा नव्हता. सरपंच ऐकेनात. तेवढ्यात तात्या पुढे आले.

"आत ठिवलेल्या माणसानं मालाला हात लावला तर चालतंय का?"

"आतल्यानं लावावा की," सरपंच म्हणाले. "त्यानं फक्त भाईर यायचं न्हाई."

"आन् माल साबणानं धुऊन, उन्हात वाळवून भिंतीवरून भाईर दिला तर?"

सरपंचांनी कमिटीकडे पाहिलं, कमिटीनं माझ्याकडे पाहिलं. नियमात याला कुठं बंदी नव्हती.

"मंग मी आत चाललो," तात्या म्हणाले, फाटकावर दोन टोले दिले आणि आत गेले. म्हैस माझ्या गळ्यात पडली.

तीन दिवस त्या दोघांनी पाईप धुतले. एवढी अंघोळ आमच्या गावात लोखंडाला कधी मिळाली नसेल. एकेक पाईप वाळला की भिंतीवरून बाहेर, आणि तिथून कामगार उचलून नेत. काम शाळेच्या खिडकीसमोरच. तात्या दिवसभर त्या खिडकीत. "डाव्या हाताचा वाकडा हाय." "साहेब, तेवढं तपासा." साहेब तपासायचे. कधी वाकडा असायचा, बहुतेक वेळा नसायचा, पण त्या माणसानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. रफिकभाई वैतागून मला म्हणाले, "मॅडम, ये चाचा नींद में भी गाडी रोकते हैं." तरी चहाचा पहिला कप ते चाचांनाच द्यायचे.

आक्काला काही सांगायचं नाही, अशी तात्यांनी मला शपथ घातली होती. "तिला कळलं तर ती पळत यील रस्त्यावरून. आधी कठडे बसू द्या." मी रोज तिच्या घरी भाकरी पोचवत होते आणि भाऊ कुठाय असं तिनं खुणेनं विचारलं की आभाळाकडं बघत होते. मला खोटं बोलता येत नाही, खुणेनं तर मुळीच नाही.

कठडे बसले, कट्टा रंगवून झाला, तशी शपथ सुटली आणि आक्कानं पुन्हा विचारल्यावर मी शाळेकडे बोट दाखवलं. इंजिनिअरसाहेब आणि कामगार सामान भरून पुढच्या गावी गेले. जाताना त्यांनी खिडकीकडे बघून जय भीम घातला. त्याच आठवड्यात निर्बंध सैल झाले आणि आधी दुधाच्या, मग मालाच्या गाड्या धावायला लागल्या. आज माझी पलीकडची लेकरं त्या कट्ट्यावर ओळीनं थांबतात, गाड्या हळू होतात, आणि मी वर्गात निर्धास्त फळा पुसते. त्या साहेबांचे, आपलं घर लांब सोडून उन्हात राबलेल्या त्या कामगारांचे आणि या वेड्या माणसाचे उपकार मला फिटायचे नाहीत. हे मी तात्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण ते लगेच "पुढं सरका" म्हणतील.

पण सांगायचं आहे ते त्याच आठवड्यातल्या एका सकाळचं. मी फाटकाबाहेरच्या नळावर हात धूत होते. चौदा दिवस भरले नव्हते, तात्या अजून आत, खिडकीत. पलीकडे, पांढऱ्या पट्ट्यांच्या टोकाशी, गयाआक्का उभी होती. हातात फडक्यात बांधलेला डबा. बाळापूरच्या बाजूनं ट्रक येत होता. मी रस्त्याकडे धावले.

"थांबा बाई," तात्या खिडकीतून म्हणाले. इतक्या हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तिला यू द्या."

ट्रक पट्ट्यांवर थडथडत हळू झाला आणि गेला. आक्कानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि निघाली. मधल्या कट्ट्यावर येऊन थांबली. मोडून जुळलेल्या हातानं तिनं कठडा घट्ट धरला. दोन गाड्या जाऊ दिल्या. मग पदर खोचला आणि उरलेला रस्ता ओलांडून थेट खिडकीसमोर, आवाराच्या भिंतीपाशी आली.

"काहून येऊन नाही राहिला रे इतके दिस?" तिनं विचारलं. "मीच आले मंग."

जन्मभर भरल्या गाडीत आवाज चढवलेले तात्या, पण तिला तो आवाज कुठला ऐकू येणार. त्यांनी नुसती मान हलवली. आक्कानं डबा भिंतीवर ठेवला, लांबूनच त्यांना डोळेभर पाहिलं आणि आल्या वाटेनं, कठडा धरून, परत गेली. ती विहाराच्या मागं दिसेनाशी होईपर्यंत तात्या खिडकीचे गज धरून उभे होते.

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि मागं वळून रफिकभाईंना सांगितलं, "मेरी बहन है. अकेली आयी."