हिमनदीची रंगीत तालीम

"बाबा, काय्याकचं बुकिंग झालं!" ऋताने फोन नाचवत सांगितलं आणि शिरीषच्या घशात भेंडीची भाजी अडकली.

जूनमध्ये शिरीष, बायको सुलेखा आणि लेक ऋता असे तिघं अलास्कातल्या एका छोट्या बंदरगावी जाणार होते. गावाच्या डोक्यावर हिमनद्या, समोर समुद्र. आल्या-गेल्या पाहुण्यांनी बर्फावरून चालावं, कुत्रे ओढतात त्या घसरगाडीत बसावं, नाहीतर हिमनगांमधून काय्याक नावाची चिंचोळी होडी वल्हवावी. लेकीने नेमकं शेवटचं निवडलं.

"बर्फावर कोणीही चालेल. पण तू सेलर आहेस ना! सगळ्या फ्रेंड्सना सांगितलंय, माय डॅड विल लीड, लाह." सिंगापुरात वाढलेल्या ऋताच्या इंग्रजीला असं 'लाह'चं शेपूट असायचंच.

आता बाप दर्यावर्दी होता हे खरं, पण मरीन इंजिनियर. सगळं जग त्याने पालथं घातलं ते इंजिन रूममध्ये बसून. अलास्काच्या त्या बंदरात जहाज लागलं तेव्हा साहेब खाली एका हट्टी पंपाशी झटत होते. हिमनग पाहिले वरच्या लोकांनी, आणि जेवताना ह्याला सांगितले. सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या घरी आल्यावर मात्र ते हिमनग ह्याने स्वतः पाहिलेले झाले आणि दरवर्षी थोडे थोडे वाढत गेले. पोहणं म्हणाल तर लाइफ जॅकेट घालून, डोळे मिटून, सर्टिफिकेटपुरतं. छोट्या होडीचं तर नावच काढू नका. जवळच्या पुलाऊ उबिन बेटावर होडीने जातानासुद्धा त्याला उलटी व्हायची.

लेकीसमोर अब्रू जाण्यापेक्षा गुपचूप शिकावं, असं त्याने ठरवलं. शनिवारी "ऑफिसात काम आहे" असं सुलेखाला सांगून स्वारी जलाशयावरच्या काय्याकच्या क्लासला पोहोचली. आणि सराव करायचा तर पक्का, म्हणून अलास्काचा सगळा सरंजाम अंगावर: आतून थर्मल, वरून जॅकेट, हातमोजे आणि माकडटोपी. सिंगापूरचं ऊन रणरणत होतं.

"अंकल, व्हाय यू वेअर लाइक धिस?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

खरं सांगायची लाज वाटली. "मेडिकल," शिरीष म्हणाला.

झालं! बाई हळहळल्या आणि त्याच्यावर लक्ष ठेवून राहिल्या. काय्याक आधी गोल फिरली, मग उलट्या बाजूने गोल फिरली आणि मग निवांत पालथी झाली. जॅकेटने पाणी प्यायलं, माकडटोपी डोळ्यांवर आली. बाईंनी त्याला ओढून काढलं तेव्हा तो घामाने आणि पाण्याने सारखाच भिजला होता. हा तर मेडिकलवाला! घाबरून बाईंनी थेट घरी फोन लावला.

मायलेकी टॅक्सीने धावत आल्या. काठावर माकडटोपी पिळत बसलेला नवरा बघून सुलेखाने कपाळाला हात लावला.

"हे तुझं ऑफिस?"

शिरीषने मान खाली घातली. आता सगळं सांगून टाकायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. पण ऋताच रडायला लागली.

"सॉरी बाबा! मला पाण्याची भयंकर भीती वाटते. तू एवढ्या गोष्टी सांगतोस, म्हणून तुझ्यासाठी बुक केलं. मला वाटलं होतं, तू बरोबर असलास की जमेल, पण नाही जमणार. कॅन्सल करूया का? अजून होईल."

अहाहा! देव पावला होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. शिरीषने तोंड उघडलं.

"कॅन्सल? वेडी की काय! अगं, मी असताना तुला कसली भीती? तिकडचे हिमनग मला ओळखतात."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. पण ऋताने डोळे पुसले आणि "प्रॉमिस?" म्हणत त्याच्या ओल्या गळ्यात हात टाकले. आता माघार कुठली?

 सुलेखा सरळ बाईंकडे गेली आणि पुढच्या शनिवारपासून आपलं नाव घालायला सांगितलं.

"तू कशाला?" शिरीषने दचकून विचारलं.

"तिकडे तुम्हा दोघांना पाण्यातून बाहेर कोण काढणार?" ती म्हणाली.