हवा किती ठेवायची

शेजारच्या साळूबाईनं दारातच सांगितलं होतं, "वैनी, तान्हं पोर घिऊन त्या गाडीत बसू नगा. चाकात नुसतं वारं हाय, वाऱ्याचा काय भरवसा?" पण चारुशीला कॉलेजात शिकलेली. तिनं हसून बाळाला टोपडं बांधलं आणि जीपमध्ये चढून बसली.

लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेली ही जीप तिच्या नवऱ्यानं, मधुकरनं लिलावात उचलली होती. रस्ता असो, ढेकळं असोत, ही बया कुठंही जाते, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. आज तिला फक्त सांगलीला जायचं होतं. चारुशीलाचा भाऊ आप्पासो रात्रीच्या गाडीनं पलटणीत, थेट रावळपिंडीला निघाला होता. आठ महिन्यांच्या भाच्याचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा रजा कधी मिळेल ते देवालाच ठाऊक.

वेशीवर जोतीरामनं हात केला. लढाईत मिसरच्या वाळवंटात लष्कराच्या गाड्या हाकून आलेला गडी. त्यानं चाकांना लाथा घालून पाहिल्या आणि मान हलवली. पुढं येरळेची वाळू आहे, असल्या फुगल्या चाकांनी रुताल, म्हणाला. कुणी काही बोलायच्या आत त्यानं चारही चाकांतली हवा फुस्सकन सोडली आणि खात्री करायला स्वतःच मागं चढून बसला. चारुशीलानं वाकून पाहिलं. चाकं पाणी जास्त झालेल्या कणकेसारखी पसरली होती!

नदीआधीच्या खडकाळ माळावर बिराप्पा शेरडं राखत होता. हा ब्रह्मदेशात लढून आलेला. मऊ चाकं बघून तो असा कळवळला, जणू कुणी लेकरू उपाशी ठेवलंय. दगडावर चिंध्या होतील, म्हणाला. मधुकरनं घामाघूम होईस्तोवर पंप मारला. चाकं नगाऱ्यासारखी टणक झाली. मग शेरडं भावकीतल्या एकाच्या हवाली करून बिराप्पाही गाडीत बसला.

वाळूत शिरताच जीप आसापर्यंत रुतली.

"सांगत हुतो का न्हाई?" जोतीराम म्हणाला.

"चाकाला नावं ठिवू नगंस गड्या. तू बसलास म्हून रुतली."

मग हवा सोडली. मग भरली. पुन्हा सोडली. बाळ किरकिरायला लागलं. चारुशीला एकदा उन्हाकडं बघे, एकदा पंपाकडं, एकदा बाळाच्या तळपायाला हात लावून पाही. शेवटी मधुकरनं दोघांचाही मान राखला. उजवी चाकं मिसरची, डावी ब्रह्मदेशाची! जीप गुरगुरली, उजवीकडं कलत कलत तिनं अर्धा फेरा घेतला आणि घराकडं तोंड करून फतकल मारली.

"अहो, आप्पा निघून जाईल."

"पाचच मिनिटं. आता नेमकं कळलंय."

तेवढ्यात वांग्यांची एक बैलगाडी आली. चारुशीला बाळासकट तीत चढली. पुढं सडकेवर सर्व्हिस मोटार मिळाली, आणि दिवस कलताना ती सांगलीत माहेरच्या दारात पोचली.

आप्पासो खाकी विजार चढवून, वळकटी बांधून ओसरीतच बसला होता. त्यानं भाच्याला उचलून घेतलं. भाच्यानं मामाची मिशी घट्ट धरली. चारुशीलाचे डोळे भरून आले. अजून तास-दोन तास होते. आता दोघांनी हवं तेवढं एकमेकांकडं बघावं.

"दाजी कुठं राहिले?" आप्पासोनं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. लढाईत तो इटलीत होता, डोंगरात.

"आक्का, दोघंही चुकतायत," असं म्हणून त्यानं मिशी सोडवली, बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि माघारी निघालेल्या त्याच सर्व्हिस मोटारीत उडी मारली.

वळकटी ओसरीतच आहे. चारुशीला दारात उभी आहे. वाचकहो, आपलं येरळेकडं जाणं झालंच, तर जरा पात्रात डोकावून या, एवढीच तिची विनंती आहे. चौघे चाकांभोवती उकिडवे बसलेले दिसतील. त्यांतला खाकी विजारवाला सुखरूप आहे ना ते बघा, आणि मिरजेहून गाडी रात्रीची आहे म्हणून सांगा. मात्र आपण स्वतः पलटणीत राहून आला असाल, तर कृपा करून थांबू नका.