सरकारी जंगलातलं माझं मचाण

जंगलात डोकं कसं चालवावं हे आमच्या गावात फक्त मला कळतं, असं माझं मागच्या ऑक्टोबरपर्यंत प्रामाणिक मत होतं. बाकीचे लोक नुसती पायपीट करतात. मी विचार करतो!

तर विचार असा होता. त्याआधीच्या डिसेंबरात हरणांचा हंगाम संपला होता. गुडघाभर बर्फात मी आणि माझा तीस वर्षांचा शिकारीचा जोडीदार डेल्बर्ट कुझिनो माझ्या मचाणाखाली उभे होतो. मचाण म्हणजे झाडाला साखळीनं बांधलेली लोखंडी बैठक, दोन पुरुष उंचीवर. चढायला खोडाला पट्ट्यांनी आवळलेले शिडीचे तुकडे. जंगल सरकारी, त्यामुळे नियमही सरकारी. मचाणावर आपलं नाव-पत्ता लिहायचा, हंगाम संपला की ते काढून न्यायचं, आणि तोवर रिकामं दिसलं तर त्यावर कुणीही बसावं. दरवर्षी आम्ही दोघं ते धूड पाठीवर घेऊन तीन मैल चालायचो. घरी पोचेपर्यंत माझी पाठ अशी व्हायची, की लोर्ना, म्हणजे माझी बायको, मला सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, घडी घालूनच ठेवायची.

"डेल," मी म्हणालो, "यंदा मचाण इथंच राहील."

"म्हणजे?"

"म्हणजे इथंच! पुढच्या हंगामात पुन्हा लागणारच आहे ना? मग न्यायचं कशाला आणि आणायचं कशाला? तीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही!"

"सगळ्यांच्या डोक्यात येतं, रेनो. करत कुणी नाही. पट्टे कुजतात, झाड वाढतं. आणि जंगल काय तुझ्या बापाचं आहे?"

"तुझा गुडघा दुखतोय ना? तुझ्यासाठीच म्हणतोय मी!"

हे खोटं होतं. डेलनं लंगडत लंगडत शिडीचा पहिला पट्टा सोडायला घेतलासुद्धा होता. मी तो पुन्हा आवळला.  परतीच्या वाटेवर मी मोकळ्या हातांनी शीळ घालत चाललो होतो. ती शीळ आठवली की आजही कान लाल होतात.

ऑक्टोबर आला. तिरकमठ्याच्या शिकारीचा हंगाम उघडला आणि मी माझ्या मचाणावर हजर झालो. पट्टे शाबूत! साखळी शाबूत! आता डेलला काय काय ऐकवायचं याची मनात उजळणी करत वर चढलो, आणि बघतो तर बैठकीवर दालचिनीच्या बिस्किटांचा चुरा. शिवाय एक उशी. भरतकाम केलेली!

कुणीतरी माझ्या मचाणावर बसत होतं. ऐसपैस बसत होतं! नियमानं त्याला बसायचा हक्क होता, पण नियम आठवण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी खिशातून कागद काढला आणि लिहिलं, "हे मचाण माझं आहे! बसणाऱ्यानं लाज बाळगावी!" चिठ्ठी उशीला टाचली आणि खाली उतरलो.

दोन दिवसांनी गेलो तर चिठ्ठी तिथंच. पण दोन शब्दांच्या स्पेलिंगभोवती लाल पेन्सिलीचे गोल, आणि खाली सुबक अक्षरात एक ओळ: "स्पेलिंग सुधारले आहे. आशय तू सुधार."

माझं डोकं तव्यासारखं तापलं. मी दुसरी चिठ्ठी लिहिली. "तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे!!! हिंमत असेल तर समोर ये!!!"

उत्तर आलं: "एवढी उद्गारचिन्हे कशाला?"

आता गावात माझ्या स्पेलिंगची टिंगल करणारा माणूस एकच. दर नाताळात माझं शुभेच्छापत्र मोठ्यानं वाचून दाखवणारा. जंगलात सतत काहीतरी चघळणारा. मचाण ठेवू नको म्हणून मला बजावणारा. डेल! मला धडा शिकवायला बसला होता गडी!

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तळलेली मासळी खायला एकाच ठिकाणी जमतं. डेल कोपऱ्यातल्या टेबलाशी होता. मी सरळ गेलो आणि दोन्ही चिठ्ठ्या त्याच्या ताटलीत आपटल्या. एक सॉसमध्ये पडली.

"मजा वाटते का रे तुला?"

डेलनं सॉसमधली चिठ्ठी उचलली, वाचली आणि हसला. "छान आहे. कुणी लिहिलंय?"

"तू!"

"मी? अरे, एप्रिलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. मोरीचा उंबरठा ओलांडताना बायको हात धरते माझा. मी तुझं मचाण चढेन?"

शेजारची टेबलं हसली. माझ्यावर हसली. तिथं थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण मला शेवटचा शब्द आपला हवा असतो ना!

"सोंग आहे ते गुडघ्याचं!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो. "मचाण वाहायला नको म्हणून काढलेलं सोंग!"

हसणं थांबलं. डेलनं काटा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग टेबलाचा आधार घेऊन हळूहळू उठला, टोपी घातली आणि निघून गेला. अर्धी मासळी ताटलीत तशीच. डेलनं मासळी टाकलेली मी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

मंडळी, शहाणा माणूस त्याच्या मागे धावला असता. मी घरी गेलो आणि पुढचा बेत आखला.

बेत सोपा होता. शिडीचा सर्वांत खालचा तुकडा काढून आणायचा. मग चढ म्हणावं! दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गेलो. बोचरी बुरबुर चालू होती. तोंडावर मारा नको म्हणून मान खाली आणि टोपडं पार नाकापर्यंत ओढलेलं. डेलला काल काय उत्तर द्यायला हवं होतं ते मोठ्यानं पुटपुटत मी पट्टे सोडले, तुकडा खांद्यावर टाकला आणि निघालो.

मागून डोमकावळा ओरडला. आमच्याकडे डोमकावळे फार. पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा मी वळूनही न बघता, भलत्याच खुशीत, त्याला "क्रॉंक! क्रॉंक!" असं उत्तर दिलं. माझा डावा कान कारखान्यात गेलेला आहे, हे इथं नोंदवून ठेवतो. बाकी काही बचाव नाही.

चार वाजता लोर्ना फोन ठेवून बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "रेनो, ओलिला बाई सकाळपासून घरी नाहीत. चर्चमध्ये तीनच्या कॉफीलाही आल्या नाहीत!"

ओलिला बाई म्हणजे तिसरीत असताना आम्हाला शिकवणाऱ्या बाई. वय शहात्तर. यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. मी ताडकन उठलो. शोधपथकाला जंगल दाखवायला माझ्याशिवाय होतं कोण?

अग्निशमनवाल्यांच्या गाडीजवळ दहा-बारा जण जमले होते. गाडी चालवायला डेल होता. त्याच्याकडे न बघता मी नकाशावर बोट ठेवलं. "नदीकडून सुरुवात करू. माझं ऐका!"

तेवढ्यात बाईंची शेजारीण मिसेस लाफेव्ह म्हणाली, "नदीकडे कशाला? त्या रोज दलदलीकडे जातात, क्रौंच पक्षी बघायला. तिथल्या मोठ्या मेपलवर कुणाचं तरी मचाण आहे म्हणे. वरून फार छान दिसतं असं सांगत होत्या. दालचिनीची बिस्किटं घेऊन जातात."

 मेपल माझा. मचाण माझं. आणि शिडी माझ्या ट्रकमध्ये!

मी गुपचूप ट्रकमधून तुकडा काढून खांद्यावर घेतला. पथकाचा प्रमुख म्हणाला, "वा रेनो! शिडी घेतलीस बरोबर! याला म्हणतात दूरदृष्टी!" दोघांनी माझी पाठ थोपटली. आणि मंडळी, मी ती थोपटू दिली. पुढचे तीन मैल मी सगळ्यांच्या पुढे चाललो. मागे डेल काठी टेकत चालत होता. गाडीपाशी थांब म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं त्याला. थांबला नाही.

बाई वर होत्या. यजमानांच्या तपकिरी कोटात गुंडाळलेल्या, कमरेला पट्टा बांधून ताठ बसलेल्या. ओठ निळे पडले होते.

"बाई! ठीक आहात ना?" प्रमुख ओरडला.

"थंडी वाजतेय. आणि सहा तास झाले, मला जायचं आहे," बाई म्हणाल्या. "रेनो, शिडी परत आणलीस? बरं केलंस."

"परत?" प्रमुख म्हणाला.

"सकाळी नेली ना त्यानं. माझा डोळा लागला होता. जागी झाले तर हा खाली पट्टे सोडतोय. तीन हाका मारल्या मी, रेनो, रेनो म्हणून. यानं कावळ्याचा आवाज काढला."

सगळं जंगल माझ्याकडे बघायला लागलं. झाडंसुद्धा! मी खाली बघत पट्टे आवळले.  कुणीतरी बाजूनं येऊन शिडी घट्ट धरली. डेल होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

बाई खाली आल्या, मिसेस लाफेव्हबरोबर झुडपामागे जाऊन आल्या आणि मग मला म्हणाल्या, "तुझं नाव वाचलं मचाणावर. म्हटलं, रेनो म्हणजे आपलाच मुलगा, तो काही म्हणणार नाही. अक्षर ओळखशील असं वाटलं रे. वर्षभर फळ्यावर बघत होतास."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जंगलखात्यानं मुदत संपूनही मचाण ठेवल्याबद्दल मला दंडाची पावती दिली. ती मी वाद न घालता घेतली. मग डेलच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, कॉफी दिली. मी माफी मागितली. "झालं गेलं," तो म्हणाला. मग बराच वेळ आम्ही हवेबद्दल बोललो. तीस वर्षांत हवेबद्दल बोलायची पाळी आमच्यावर आली नव्हती. तो आता जावयाबरोबर शिकारीला जातो, पलीकडच्या जंगलात.

बाईंच्या मुलानं मिलवॉकीहून येऊन त्यांचं जंगल बंद केलं. ते ऐकलं आणि मला पुन्हा विचार सुचला! मी मचाण काढलं, एकट्यानं, दोन फेऱ्यांत, तीन तीन मैल. ते बाईंच्या परसातल्या झाडाला बांधलं. नवे पट्टे, नवी साखळी. पायऱ्यांना धरायला दोर लावला. उंची निम्मी ठेवली. मग दार ठोठावलं.

बाईंनी मचाणाकडे बघितलं. मग कोट घालून आल्या आणि सावकाश चढल्या. उशी घ्यायला विसरल्या नाहीत.

"काय दिसतंय, बाई?" मी खालून विचारलं.

"लाफेव्हचं गराज. तिचं धुणं. दोन कचऱ्याचे डबे."

"थोडं वर बांधू का? पुढच्या ऑक्टोबरात कदाचित थवे इकडून..."

"पुढच्या ऑक्टोबरात मी मिलवॉकीला असेन, रेनो. मुलानं खोली तयार केलीय. हे घर गेल्या सोमवारी विकलं."

मी हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो. "मग बाई, आधी सांगितलं का नाहीत? मी दोन दिवस बांधत होतो!"

"खिडकीतून बघत होते मी," बाई म्हणाल्या. "एवढं वाहून आणलंस. म्हटलं, एकदा बसून तरी घ्यावं."

मी "बरं, बाई" म्हणालो. पन्नास वर्षांत त्यांच्यापुढे मला दुसरं उत्तर कधी सुचलेलं नाही.