नाना पिशवी झाकत नाहीत

आमच्या राणीसावरगावात लघवीची पिशवी हातात धरून चौकात चहाला जाणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा शेजारी आहे, हे माझं नशीब.

नाना बैलांचे दलाल होते. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत. नाना तो रुमालच ओढून काढायचे आणि भाव ओरडून सांगायचे. "झाकायचं कशाला? चोरी केली का?" हे त्यांचं पालुपद. त्यापायी निम्म्या तालुक्याशी त्यांचं वाजलेलं.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनला त्यांना परभणीला मीच नेलं. नळी काढली तर लघवी अडली, म्हणून परत बसवावी लागली. तीन आठवडे राहू द्या, म्हणत डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी सगळे प्रकार टेबलावर मांडले. मांडीला पट्ट्यानं बांधायची छोटी पिशवी, धोतराखाली दिसतसुद्धा नाही. पिशवीच नको तर नळीच्या टोकाला तोटी, ठरल्या वेळी जाऊन सोडायची. आणि मोठी पिशवी, रात्री खाटेला अडकवायची.

"मोठी द्या," नाना म्हणाले.

"अहो, ती झोपताना. दिवसा चारचौघांत..."

"मंग? चारचौघं मुतत न्हाईत का?"

पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, एवढाच एक सल्ला त्यांनी ऐकला. बाकी सगळं गावाला ऐकवलं. कुणी तोंड फिरवलं की संपलंच. सरपंचांना म्हणाले, "तिकडं काय बघायलाव? हिकडं बघा. लाल न्हाई, पिवळी हाय." माझं डोकं फिरायचं. हा माणूस औषधपाणी करतोय की गावावर सूड उगवतोय, हेच कळेना.

परवा माझ्या मुलीला बघायला पाथरीचे पाहुणे यायचे होते. सकाळीच नाना अंघोळ करून, खांद्यावर धुतलेला रुमाल टाकून, पिशवीसकट माझ्या ओसरीवर हजर. माझा संयम सुटला.

"नाना, एक दिवस ती मांडीची पिशवी बांधा. नाहीतर पाहुणे जाईपर्यंत मागच्या खोलीत बसा."

आता नाना ओरडणार आणि गाव गोळा होणार म्हणून मी अंगणाचं दार लोटून घेतलं. पण नाना ओरडले नाहीत.

"मागच्या खोलीत," एवढंच म्हणाले आणि खाली टेकले. "मास्तर, तुमच्या काकूला शेवटाला अशीच पिशवी व्हती."

मला माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लागून घर, आणि नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आजारी आहेत याच्यापलीकडे आम्हाला काही कळलं नव्हतं.

"लोक येतेत, बेइज्जती हुईल म्हणून मीच तिला मागं बसवलं. पाच म्हैने. तिला ओसरीवर बसायला लय आवडायचं. एकदा म्हणली, जरा भायेर बसू का? मी म्हणलं, पिशवी दिसती. पुन्यांदा तिनं विचारलंच न्हाई."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि मघाशी मी काय बोललो ते आठवून स्वतःचा त्याहून जास्त.

बाहेर जीप थांबली. मी घरातली चांगली खुर्ची ओसरीवर मांडली, नानांना बसवलं आणि पिशवी खुर्चीच्या खालच्या दांडीला अडकवली. पाहुण्यांतले थोरले पायरीवर थबकले. त्यांची नजर कुठं गेली ते नानांनी पाहिलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि वाकून पिशवीवर टाकला.

मी तो उचलला आणि परत त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"आमच्या नानांचं ऑपरेशन झालंय," मी पाहुण्यांना म्हणालो. "या, त्यांच्याशेजारी बसा."