दप्तरखान्याचा तिसरा स्क्रू

दुपारी सव्वाबाराला भांडारप्रमुख दप्तरखान्यात अडकले. ते आत गेले, लोखंडी दार मागे लोटलं गेलं आणि कुलूप जे बसलं ते किल्लीलाही दाद देईना. कुलपाची पट्टी बाहेरून तीन स्क्रूंवर होती. कार्यालयाच्या सुताराने दोन काढले. तिसऱ्याची खाच घासून गुळगुळीत झाली होती. पेचकस त्यावर नुसता गरगरत होता.

"काढ रे बाबा लवकर," भांडारप्रमुख आतून म्हणाले. "पाचच्या गाडीने लेक परदेशी निघालीय. आता कधी दिसेल कोण जाणे."

"साहेब, मी शाबूत स्क्रूंचा माणूस," सुतार म्हणाला. "घासलेल्याला वेगळी पक्कड लागते. तिच्या जबड्यात उभे दाते असतात, ते स्क्रूचं डोकं चावून धरतात. भांडारात असेल तर द्या."

भांडारात नव्हती. हे भांडारप्रमुखांइतक्या खात्रीने कोणीच सांगू शकलं नसतं. मागे एकदा सुताराने ती मागितली होती तेव्हा, कर्मचाऱ्यांनी स्क्रू खराब करू नयेत, असं त्यांनीच बजावलं होतं.

प्रशासन अधिकारी बाईंनी तातडीने पक्कड निवड समिती नेमली. भांडारप्रमुख तिचे पदसिद्ध सचिव असल्याने बैठक दारासमोरच घेण्यात आली, म्हणजे त्यांची गैरहजेरी लागणार नाही. विक्रेत्याने दोन नमुने मांडले: एक सरळ तोंडाची, लाल मुठीची, दुसरी वाकड्या तोंडाची, हिरव्या मुठीची.

"वाकडी घ्या, अडचणीच्या जागी जाते," लेखापाल म्हणाले.

"आपला स्क्रू तर उघड्यावर आहे," बाई म्हणाल्या.

"आज आहे. उद्याचं कोणी सांगावं?"

"अहो, लावून तरी बघा कुठलीही!" आतून आवाज आला. लगेच तोच आवाज पुन्हा आला, पण आता कार्यालयीन सुरात. "नको, थांबा. चाचणीत स्क्रू निघाला तर गरज संपते. गरज संपली की खरेदी करता येत नाही. आणि खरेदीविना पक्कड वापरली तर ती विक्रेत्याकडून घेतलेली भेट ठरते."

"हा नियम कोणी केला?" बाईंनी विचारलं.

"मीच," भांडारप्रमुख म्हणाले. त्या अंधारातही त्यांची मान किंचित ताठ झाली.

मग चाचणीसाठी दुसरा खराब स्क्रू शोधला. नव्हता. म्हणून सुताराला शेजारच्या दाराचे दोन चांगले स्क्रू रीतसर खराब करायला सांगितले. दोन्ही पकडींनी तसले स्क्रू सारख्याच सहजतेने उपटले. तुलना होईना. सुताराने आणखी घासले, मग पलीकडच्या दाराचे घासले. शाबूत स्क्रूंच्या माणसाला हे काम भलतंच आवडलं. चार वाजेपर्यंत मजल्यावरच्या एकाही दाराला धड स्क्रू उरला नाही. साहजिकच एका पकडीने भागणार नव्हतं. मागणी वाढली आणि निर्णय समितीच्या अधिकाराबाहेर जाऊन मुख्यालयाकडे गेला.

साडेचारला लेक आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पक्कड.

"बाबा, शेजारच्या काकांची आणलीय. दोन मिनिटांचं काम आहे. काढू?"

भांडारप्रमुखांनी दाराला कपाळ टेकवलं. फटीतून तिच्या प्रवासाच्या नव्या बुटांची टोकं दिसत होती. 'काढ' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात बाहेर समिती खाकरली.

"खाजगी पक्कड सरकारी स्क्रूला लावली तर उद्या जाब कोण देणार, बाळा?"

"तुम्हीच द्याल, बाबा. जन्मभर तेच तर करताय."

ती थोडी थांबली, घड्याळाकडे बघितलं, दारावर तळहात ठेवला. "औषधं वेळेवर घ्या," म्हणाली आणि वळली.

"ताई, जरा थांबा," लेखापाल मागे धावले. "कुठून घेतली हो ही? मूठ फार छान आहे."

पाचची गाडी वेळेवर सुटली.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा मुख्यालयाने पारदर्शकतेसाठी नागरिकांची मतं मागवली होती: सरळ की वाकडी? प्रतिसाद उदंड आहे. घरोघरी दोन तट पडलेत. सरळ तोंडाची किंचित पुढे आहे. आतल्या माणसाने दुपारपासून काही खाल्लं का, असं अद्याप कोणीही विचारलेलं नाही. वाचकहो, तुम्हीही कुठली पक्कड घ्यायची ते एव्हाना ठरवलंच असेल.