सासूबाईंना जमलं तर जगाला जमेल

वाचनालयाची वेबसाइट उभी करणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे, असं ग्रंथपालांनी भर सभेत सांगून टाकलं, तेव्हा त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वेळच तशी आली होती. वाचनाच्या दालनात चिटपाखरू फिरकत नाही, तेव्हा ते शेजारच्या व्यायामशाळेला देऊन टाकू, असं अध्यक्ष म्हणाले होते. ज्या दालनात आपले केस पिकले तिथे लोक दंड फुगवणार, या विचारानंच ग्रंथपाल ताडकन उठले. वेबसाइट होऊ द्या, बसायला जागा पुरणार नाही, असं ते बोलून गेले. अध्यक्षांनी रविवारपर्यंतची मुदत दिली. वेबसाइट चालवायचं चांगलं सॉफ्टवेअर निवडा, मला दाखवा, मग दालनाचं बघू.

म्हणजे असं सॉफ्टवेअर, की कोणीही उठावं, बातमी लिहावी, फोटो चिकटवावा आणि बटण दाबलं की ते वेबसाइटवर दिसावं. ग्रंथपालांनी अशी तीन सॉफ्टवेअर चाचणीपुरती घरच्या लॅपटॉपवर घेतली. तिन्ही स्वतःला सर्वांत सोपं म्हणवत होती. कोणाला सोपं, याची कसोटी मात्र ग्रंथपालांच्या घरातच होती. सासूबाईंना जमलं तर जगाला जमेल! बायको म्हणाली, आईला नुसतं अबकड लिहायला लावा. ग्रंथपालांना ते पटलं नाही. चाचणी म्हणजे चाचणी, मजकूर अगदी खऱ्यासारखा हवा.

सासूबाई चष्मा पुसून बसल्या. पहिल्यात इतकी बटणं होती की त्या पाणी प्यायला दोनदा उठल्या, पण बातमी लिहिली: रविवारी सकाळी वाचनालयात पुस्तकांची अदलाबदल, घरचं एक आणा, दुसरं न्या. दुसरं सॉफ्टवेअर फोटोशिवाय पुढे सरकेना, म्हणून त्यांनी वार्षिक सभेत डुलकी घेणारे अध्यक्ष चिकटवले. तिसरं लोण्यासारखं चाललं. त्या आनंदात त्यांनी आणखी एक ओळ घातली, अध्यक्ष स्वतः गोष्ट वाचून दाखवतील.

"प्रसिद्ध झाले म्हणतंय. कोणाला कळलं हे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या जगाला," ग्रंथपाल गुण मांडता मांडता म्हणाले. हे सगळं आपल्या लॅपटॉपबाहेर कुठेच दिसत नाही, हे सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी लॅपटॉप बगलेत मारून ते वाचनालयाशी पोचले, तर रांग फाटकाबाहेर. आत गर्दीच्या मधोमध अध्यक्ष कोंडीत सापडलेले. कोणीतरी त्यांच्या हातात पुस्तक कोंबलं आणि सुरू करा म्हणालं. अध्यक्ष आधी अडखळले, मग रंगले, शेवटी तर वाघाचा आवाजही काढू लागले. व्यायामशाळेचा मालक पुढेच मांडी घालून बसला होता. ग्रंथपालांनी बगलेतला लॅपटॉप प्रेमानं थोपटला.

गोष्ट संपल्यावर घाम पुसत अध्यक्ष म्हणाले, "दालन तुमचंच. आता सांगा, यातल्या कोणत्या सॉफ्टवेअरनं एवढी माणसं आणली?"

ग्रंथपालांनी लॅपटॉप उघडायला घेतला आणि तसाच मिटला. बातमी तर घराबाहेर पडलीच नव्हती. त्यांनी खिडकीशी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, ही माणसं आली कुठून?"

"जावईबापू, तुम्ही म्हणालात जगाला कळलं. मी वाट बघितली, पण येतो म्हणून एकाचाही फोन नाही. म्हटलं तुमचं यंत्र बिघडलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मीच एकेकाला फोन लावला, त्यांनी पुढे लावले."

अध्यक्ष पोट धरधरून हसले आणि सासूबाईंना जे सोपं वाटलं तेच घ्या म्हणाले. मग तिसरं सॉफ्टवेअर घेतलं. वेबसाइट आता खरोखरच साऱ्या जगाला दिसते आणि दालनात खुर्च्या कमी पडतात. ग्रंथपाल दर आठवड्याला ऐटीत बातमी लिहितात, बटण दाबतात, आणि मग हळूच स्वयंपाकघरात जाऊन तीच बातमी सासूबाईंच्या कानावर घालतात.